मधल्या सात ओळी

मावशी, तू गेल्यानंतर सोळाव्या दिवशी तुझ्या नावाचं कार्ड आलं.

पोस्टमन दाराशी आला, नेहमीसारखी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. तेरवीच्या मांडवाचे खड्डे अजून बुजले नव्हते. तुझी सून रेखा बाहेर आली, ओले हात पदराला पुसले, पाकीट घेतलं आणि देवाच्या फळीवर ठेवून दिलं. उघडलं नाही. मला वर्ध्याला फोन केला. "ताई, सासूचं इंग्लंडवालं आलं. तू येऊन जा. दुसऱ्या कोणाले दाखवत नाई मी."

मी आले, वाचलं. आणि आता तुला लिहिते आहे, कारण जे तुला सांगायचं होतं ते सांगायला मला बारा वर्षं मिळाली होती.

तुझं माहेर कोणतं, तू किती वर्षांची होतीस, मागे कोण कोण आहे, हे शोकपत्रिकेत छापून झालं. ती मी लिहिली नाही. मला पत्रकं लिहिता येतात. वर जाड अक्षरात मथळा, खाली मागण्या. हे पत्रक नाही, इथे मागणी करायला मला तोंड नाही. पण आडवळणाने लिहायची सवयही नाही, आणि तुला ते चाललंही नसतं. कोणी घोळवून बोलायला लागलं की तू म्हणायचीस, "बोल ना व काय बोलायचं ते. भाकर करपून राह्यली माझी."

एडना आली तेव्हा मी सहावीत होते. सेवाग्रामला परदेशी पाहुणे येतात, तसा दहा-बारा म्हाताऱ्या माणसांचा एक गट आला होता. त्यांना कापसाचं काम बघायचं होतं म्हणून हिंगणघाटला तुमच्या जिनात आणलं. शाळा सुटली होती. गोरे लोक बघायला आम्ही पोरी फाटकातून आत घुसलो. हंगाम भरात होता. आत सरकी काढायच्या रेच्यांची रांग, एकीकडून तुम्ही बायका यंत्रात कापूस टाकत होतात, दुसरीकडून रुई निघत होती, खाली सरकी पडत होती. हवा पांढरी होती. तारांवर, बल्बांवर, छपराच्या लोखंडी कैच्यांवर, तुमच्या भुवयांवर, सगळीकडे रुई. पाहुणे आत गेले, फोटो काढू लागले. एकच बाई दारात थांबली. ठेंगणी, रुंद, पिकलेल्या केसांची. तोंडावर रुमाल धरून ती यंत्रांकडे नाही, छताकडे बघत होती. वरून काही पडणार असल्यासारखी.

नंतर तू मला सांगितलंस, "गोरी बाई घिन करून राह्यली म्हून मले रागच आलता."

रागातच तू टोपली ठेवलीस आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. रेच्यांच्या त्या आवाजात तुम्ही बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही. तोंड मोठं हलवायचं, मधे हाताची खूण. तू तिला तसंच म्हणालीस, ये की आत, काऊन उभी आहेस. तिला मराठी येत नाही हे तुला काय ठाऊक नव्हतं? तिने तुझ्या ओठांकडे बघितलं. मग तिनेही तसेच ओठ हलवले. भाषा तिची, रीत तुमची. सेवाग्रामहून त्यांच्यासोबत आलेल्या दादांनी मग सांगितलं, की ही इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावातली आहे, कापूस पिंजायच्या खोलीत हिचा जन्म गेला, आणि तिकडच्या बायाही यंत्रांच्या आवाजात अशाच बोलायच्या. त्यांचं सांगून होईपर्यंत ती तुझ्या केसांतली रुई काढायला लागली होती. चिमटीने, पटापट, सराईत हाताने. तू हसलीस. तुझा पत्ता तिने डायरीत लिहून घेतला, म्हणजे मीच लिहिला, कारण तिथे उभ्या असलेल्या पोरींत माझं अक्षर बरं होतं. माझी नेमणूक तिथून झाली.

आत मात्र ती शेवटपर्यंत आली नाही.

पुढच्या वर्षी पहिलं कार्ड आलं. ते होतं नाताळचं, पण आपल्याकडे पोचेपर्यंत संक्रांत उजाडली. मग दरवर्षी तसंच ठरलं. इंग्लंडचा नाताळ आपल्या गल्लीत संक्रांतीला यायचा, आणि तुझ्या हळदीकुंकवाला तीस-चाळीस बायका नुसत्या वाणासाठी नाही, कार्डासाठी यायच्या. पाकिटावर राणीच्या तोंडाचं तिकीट. कार्डावर बर्फ, बर्फात एक घर, एक लाल छातीचा पक्षी, आणि सगळ्यावर चमकी. पहिल्या वर्षी ते हातोहात फिरलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "हे तं आपलं जिनच आहे व. घरावर रुई पडली." सगळ्या हसल्या. चमकी बोटांना लागली, ती बायकांनी लहान पोरींच्या कपाळाला लावली. तू कार्डाच्या कोपऱ्यावर हळद-कुंकवाचं बोट टेकवलंस आणि मला म्हणालीस, "वाच आता. सावकाश वाच, पळू नको."

मला तेव्हा इंग्रजी शिकायला लागून दोन वर्षं झाली होती. म्हणून तू कार्ड आलं की हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी माझ्याकडे द्यायचीस. मी डिक्शनरी घेऊन बसायची आणि दुसऱ्या दिवशी धुतलेला फ्रॉक घालून बायकांसमोर उभी राहायची. एडनाकडे मांजर आहे. एडनाने केक केला. एडनाच्या नवऱ्याने, हॅरॉल्डने, घराला हिरवा रंग दिला. एवढ्यावर तुम्ही बायका आठवडाभर बोलायच्या. "हिरवा काऊन देला असन?" "त्याच्या मनाचा. नवऱ्याइले कोण इचारते." पहिला तिळगूळ मला मिळायचा, मुकादमाच्या बायकोच्याही आधी. माझ्या आयुष्यात मला एवढा मान पुन्हा कुठल्या सभेत मिळालेला नाही, हे खरं सांगते.

आणि तुझं कार्ड जायचं त्याची गंमत वेगळीच. दिवाळी झाली की तू मला घेऊन कारंजा चौकातल्या दुकानात जायचीस, उरलेली ग्रीटिंग बघायला. दुकानदार म्हणायचा, "मावशी, दिवाळी होऊन गेली ना." तू म्हणायचीस, "माझी झाली. तिची याची आहे." लक्ष्मीचं कार्ड तुला चालायचं नाही, वाटेत पोस्टात कोणाचा पाय लागेल म्हणून. पणतीचं घ्यायचीस. मग ओट्यावर बसून सांगायचीस आणि मी लिहायची. पाकिटात एकदा तू चार सरक्या टाकल्यास. एडनाने त्या खिडकीतल्या कुंडीत लावल्या, आणि पुढच्या कार्डात लिहिलं की एक उगवली, तिला दोन पानं आली, मग थंडीत ती गेली. जन्मभर कापूस हाताळला आणि त्याचं झाड आत्ता पाहिलं, असं तिने लिहिलं होतं. "अन् आपण पाह्यतो रोज," एवढंच म्हणालीस.

तुझा एक नियम होता. कार्डात वाईट लिहायचं नाही. ज्या वर्षी काकांची दोन बोटं मशीनमध्ये गेली त्या वर्षीही तू मला लिहायला लावलंस, सगळे मजेत. मी म्हटलं, मावशी, हे खोटं आहे. तू म्हणालीस, "ते बाई सणाच्या दिवशी उघडन ना पाकीट. तिच्या सणात आपलं रडणं कायले?"

तो नियम मी शिकले. फार चांगला शिकले.

तिसरं कार्ड आलं तेव्हा मी नववीत होते. आदल्या दिवशी घरी नेलं. वर मांजर, खाली शुभेच्छा, आणि मधे सात ओळी. डिक्शनरी फार लागली नाही. सोपं इंग्रजी होतं, गिरणीतल्या बाईचं. त्या सात ओळी मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे:

हॅरॉल्ड ऑक्टोबरमध्ये गेला. छातीनेच गेला, आमच्या खोलीतली बरीच माणसं तशीच गेली. कमला, तुमच्या तिथली हवा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी सकाळी छाती आवळते का, बघ. माझी तशीच सुरुवात झाली. मंगळवारी-बुधवारी बरं वाटायचं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. तुझी आवळत असेल तर त्या कामातून बाहेर पड. पुढे ती सगळे वार आवळते.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू. ओसरीत सवाष्णी बसलेल्या, मधे वाणाचं ताट, प्रत्येकीच्या कपाळाला ताजं कुंकू. आणि मी तिथे उभी राहून काय वाचणार होते? की हिचा नवरा मेला? चौदा वर्षांची होते, पण आपल्याकडे हळदीकुंकवाला काय बोलत नाहीत हे मला पुरतं ठाऊक होतं. मांजर वाचलं. मग एका श्वासात त्या सात ओळी ओलांडल्या आणि त्यांच्या जागी मनाने एक वाक्य घातलं: "हॅरॉल्ड आणि मी शेकोटीजवळ बसून तुझी आठवण काढतो." बायका हळहळल्या, कौतुकाने. तू म्हणालीस, "जोडा सुखाचा आहे बाई."

ठरवलं होतं की संध्याकाळी बायका गेल्या की सांगेन. मग ठरवलं, संक्रांतीचे दिवस संपले की. रथसप्तमी झाली, शिमगा झाला, हंगाम संपला. जितके दिवस गेले तितकं ते सांगणं अवघड होत गेलं, कारण आता नुसतं हॅरॉल्डचं मरण सांगायचं नव्हतं, माझं खोटंही सांगायचं होतं. दिवाळीनंतर ओट्यावर बसून तू मला लिहायला सांगितलंस, "हॅरॉल्डभाऊले माझा नमस्कार सांगजो." आणि मी लिहिलं. तेरा महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाला तुझा नमस्कार मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला आणि पाकीट डकवलं.

उत्तर काय आलं ते तुला कधी कळलं नाही. एडनाने लिहिलं होतं, "हॅरॉल्डला नमस्कार पाठवणारी तू एकटीच आहेस. इथे आता त्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही, माझ्यासमोर तर मुद्दाम टाळतात. तुझं कार्ड मी त्याच्या फोटोला टेकवून ठेवलं आहे." तिला वाटलं ही आपली रीत आहे, गेलेल्यालाही नमस्कार पाठवायची. मावशी, तुझ्या एका नमस्काराने तिकडे एका म्हातारीचा नाताळ दरवर्षी उजळत होता, आणि तुला पत्ता नव्हता. मी ते वाचून रडले, आणि बाहेर येऊन तुला सांगितलं की हॅरॉल्डभाऊंनीही नमस्कार कळवलाय.

त्याच कार्डात शेवटी एक ओळ होती: "धुळीबद्दल सांगायचं ते मी सांगितलं. पुन्हा पुन्हा तेच लिहून तुझा सण खराब करत नाही."

आणि खरंच तिने पुन्हा लिहिलं नाही. तिला वाटलं, निरोप पोचला.

तेव्हापासून मी तुझे सोमवार बघायला लागले. बघायची, आणि गप्प बसायची. रविवारी जिन बंद असायचं. सोमवारी सकाळी कामाची पाळी लागली की तासा-दोन तासांत तू फाटकाजवळच्या भिंतीला हात टेकून उभी राहायचीस, खांदे वर ओढून, तोंड उघडं. शाळेत जाताना मला दिसायचीस. बायका म्हणायच्या, उपाशीपोटी काम करते, होईन नाई तं काय. सोमवार तू धरायचीसच, महादेवाचा. सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं की हे उपासाने होतं. तूही ठरवलंस. एका वर्षी सगळ्यांच्या सांगण्यावरून उपास सोडलास. पोटभर जेवून कामाला गेलीस. छाती आवळलीच. मग तुला वाटलं, देव कोपला. पुन्हा सोमवार धरलास, वर शनिवारही धरलास. आणि मंगळवार कधी आवळायला लागला, बुधवार कधी, ते मी मोजत होते. एडनाने लिहिलं होतं तसंच, क्रमाने होत गेलं. पुढचं पान मला माहीत होतं.

मग मी नागपूरला कॉलेजला गेले आणि तिथे मला राग करायला शिकवणारी माणसं भेटली. राग माझ्यात होताच, फक्त कोणावर करायचा ते ठरलं नव्हतं. संघटनेत आले. जिनांमधल्या धुळीवर पहिलं पत्रक मी लिहिलं, मथळा "छातीतला कापूस". सिंदीपासून हिंगणघाटपर्यंत फाटकांवर वाटलं. त्यातलं एक वाक्य आमच्या लोकांना फार आवडलं, पुढे ते भिंतींवरही लिहिलं गेलं: "ज्याला धोका माहीत होता आणि ज्याने तो सांगितला नाही, तो गुन्हेगार आहे." हे मी मालकाबद्दल लिहिलं होतं. मालक अजूनही त्यातून सुटत नाही, मी सुटू देणार नाही. धूळ ओढून घेणारे पंखे त्याने बसवले नाहीत, तोंडाला बांधायला फडकं दिलं नाही, छाती तपासायला कधी कोणाला पाठवलं नाही. पण ते वाक्य लिहिताना माझा हात एक क्षण थांबला होता. थांबला, आणि पुढे गेला.

तुझ्या घरी आले तर तू त्या पत्रकात तिखट बांधून फळीवर ठेवलं होतंस.

"मावशी, हे वाचायला दिलं होतं."

"कागद चांगला आहे तुझा. तिखट सांडत नाई."

"वाचलं का पण?"

"मले कुठं वाचता येते. तूच तं वाचून देत होती सारं." मग माझं तोंड बघून हसलीस. "रुसू नको. रेखानं वाचून देलं. माझ्यासारखंच कोणाचं तरी लिवलं आहे."

"तुझंच आहे ते. तुझं नाव टाकू का पुढच्या वेळी? डॉक्टरांपुढे बोलशील? कधीपासून होतंय, कुठल्या वारी होतंय, एवढंच सांगायचं."

"माझं नाव नको टाकू बाई. रेखाले लावाचं आहे कामाले माझ्या जागी. मुकादम हाव म्हणला आहे."

त्यावर मी ओरडले. तुला आठवत असेल. तू बोलताना मधे दोनदा थांबत होतीस, हवा शोधत होतीस, आणि तशीच्या तशी जागा सुनेला द्यायची म्हणत होतीस. मी म्हटलं, अशी कशी गं तू, बावीस वर्षं त्या हवेत काढलीस, कोणी सांगितलं नाही का तुला?

तू माझ्याकडे बघितलंस. साधंच बघितलंस. "कोण सांगणार होतं मले?" म्हणालीस. "तू तं आता सांगून राह्यली."

तेव्हा सांगायचं होतं. रेखा विहिरीवर गेली होती, काका बाहेर होते, घरात आपण दोघीच. सात ओळी मला पाठ होत्या. मी काय केलं? मालकाला शिव्या दिल्या. पंधरा मिनिटं दिल्या. तू तोंडावर पदर धरून ऐकत बसलीस आणि शेवटी म्हणालीस, "च्या घे. थंडा झाला."

ते आपलं भांडण तिथेच राहिलं. पुढे दरवेळी तू म्हणायचीस, काम सोडून खायचं काय, आणि मी म्हणायची, जगशील तर खाशील. दोघीही खरं बोलत होतो. पण माझ्या खऱ्याखाली एक खोटं होतं, म्हणून मी मोठ्याने बोलायची. तुला ते कळलं होतं का? कधी कधी मला वाटतं, कळलं होतं. शेवटच्या दोन वर्षांत तू मला कार्ड मोठ्याने वाचायला सांगणं बंद केलंस. म्हणायचीस, "ठेव तिथं. चित्र पाह्यतो मी." बायकाही कमी झाल्या होत्या, पोरांच्या हातात मोबाईल आले, शुभेच्छा त्यावर यायला लागल्या. तू कार्ड हातात घेऊन अंगठा चमकीवर फिरवत बसायचीस, आणि तुझ्या छातीतून बारीक शिट्टी यायची.

या दिवाळीनंतर मी आलेच नाही. मोर्चा होता, सभा होत्या. तुझ्याच छातीसाठी होत्या असं म्हणता येईल, पण नाही म्हणत. पणतीचं कार्ड घ्यायला तुझ्यासोबत कोणी गेलं नाही. पौष लागला, आणि तू गेलीस. दवाखान्याच्या कागदावर दमा असं लिहिलं आहे. तिरडीपाशी बायका हळू बोलत होत्या, फार उपास केले बिचारीने.

आणि सोळाव्या दिवशी हे कार्ड. अक्षर आता ओळीवर राहत नाही तिचं. "तुझं कार्ड यंदा आलं नाही," तिने लिहिलं आहे. "पोस्टाचाच दोष असणार. मला आता नाकाला नळी लावून झोपावं लागतं, पण मांजर नवीन आहे. तू बरी आहेस एवढं कोणाकडून तरी कळव."

मी ते रेखाला वाचून दाखवलं. रविवारची दुपार होती. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मग मी तुझ्या पेटीतून ते तिसरं कार्ड काढलं आणि सात ओळीही वाचल्या, आणि कधी वाचल्या नव्हत्या, का वाचल्या नव्हत्या, ते सगळं सांगितलं. तिचा हात सुपात थांबला नाही. खडा सापडला की बाजूला टाकत होती.

मग म्हणाली, "किती वर्षांची होती तू तवा?"

"चौदा."

"चौदाव्या वर्षी मले तं काई समजत नव्हतं."

"मला समजत होतं."

मला माफ करणं तिच्या हातात नव्हतं आणि तिने तसा आवही आणला नाही. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. मग तिने विचारलं, "त्या बाईनं सोडलं होतं का काम?"

"नाही. गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच होती."

"अन् मले सोड म्हणते."

"तुला नाही, मावशीला म्हणत होती."

"आता तं मीच आहो ना तिथं." सूप बाजूला ठेवून तिने पदराने कपाळ पुसलं. तुझ्या जागी तिचा हा दुसरा हंगाम. बोलताना ती एकदा खाकरली, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. "कारड आणलं का तू?"

मी आणलं होतं, कोरं. हातात पेन घेऊन बसले. मला वाटलं होतं ती सांगेल, लिही, सासूबाई सुखाने गेल्या. तुझ्या नियमाप्रमाणे. ती म्हणाली, "लिव का कमलाबाई मेल्या. छातीनं मेल्या. अन् इचार तिले, तिकडच्या बायाइची छाती कोण तपासत होतं? हे धुळीनं होते हे मालकानं कबूल केलं का? कसं कबूल करायले लावलं? कोणते कागद असतीन तं धाड म्हणा."

मावशी, चार वर्षं मी पत्रकं काढते आहे. त्याच कामात जन्म काढलेली एक बाई दरवर्षी तुझ्या दारात पत्र टाकत होती, आणि तिला हे विचारावं असं मला एकदाही सुचलं नाही. माझ्या लेखी ते नाताळचं कार्ड होतं, त्यात मांजर आणि केक असायचा.

मी लिहिलं. सणाच्या दिवशी उघडायचं नाही म्हणून पाकिटावर काही लिहावं का, असं मनात आलं, पण आता सण होऊन गेला आहे तिचा, आणि तिच्याकडे वेळ किती आहे मला माहीत नाही. तू रागावशील. रागव. तू तुझं दुखणं तिच्यापासून लपवलंस, मी तिचं दुखणं तुझ्यापासून लपवलं, आणि आपल्या तिघींना वाटत राहिलं की आपण सण सांभाळतोय. तो आनंद खोटा होता असं मात्र मी लिहिणार नाही. चमकी लागलेल्या बोटांनी तू हसायचीस ते मी पाहिलेलं आहे.

लिहून झाल्यावर मी पाकीट उचललं, तर रेखाने हात पुढे करून थांबवलं. "डकवू नको. काय लिवलं ते मराठीत वाचून दे पह्यले. मधात काई सोडू नको."

मी कार्ड उघडलं. पहिल्याच ओळीत तुझं जाणं होतं. तिथेच माझा आवाज अडला. दोनदा सुरुवात केली, दोनदा अडला. रेखा उठली नाही, पाणी आणायला गेली नाही, माझ्या खांद्यावर हातही ठेवला नाही तिने. मांडी घालून समोर बसून राहिली.

"वाच," म्हणाली. "मी ऐकून राह्यली."